या मैदानावर खेळलेला

डार्नली इयरवुडने राजीनामा टेबलावर ठेवला आणि घसा खाकरला.

"समितीतल्या माणसाचं नाव विचारात घ्यायचं नाही, हा आपलाच नियम. उद्या कुणी माझं नाव सुचवलं तर पंचाईत नको. म्हणून मी आपला बाजूला होतो."

चेहरा असा, की मोठेपणाचा बिचाऱ्याला अगदी वीट आलाय.

पाम ग्रोव्ह क्लबाच्या नव्या पॅव्हेलियनला आधुनिक काळातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं नाव द्यायचं होतं. निवड समिती चौघांची. डार्नली, एल्रिक गिटन्स आणि ऑस्विन ब्लॅकमन हे तिघे जुने फलंदाज, आणि चौथ्या मिस इनिस. त्या बेचाळीस वर्षं क्लबाचं स्कोअरबुक लिहीत होत्या. मत त्यांनाही होतं, फक्त ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या तीन बैठका आधुनिक काळ कधी सुरू झाला यातच गेल्या. डार्नली म्हणे एकाहत्तरला. एल्रिक म्हणे त्र्याहत्तरला. ऑस्विन म्हणे, चौऱ्याहत्तरच्या आधी तर नुसता पोरखेळ चालायचा. ज्याने ज्या साली पहिल्यांदा पॅड बांधले, तिथून त्याचा आधुनिक काळ! शेवटी एकाहत्तर ठरलं, कारण डार्नलीचा आवाज मोठा. नियमातला 'क्लबाकडून खेळलेला' हा शब्दही त्याने 'या मैदानावर खेळलेला' असा बदलून घेतला. त्याचं आयुष्यातलं एकुलतं एक शतक याच मैदानावर झालं होतं खरं, पण तेव्हा तो समोरच्या संघात होता.

जीव अडकला होता हो त्याचा पॅव्हेलियनवरच्या त्या पाटीत. रविवारी मुलगी टोरांटोहून नातीला घेऊन यायची होती. "आजोबांचं नाव बघशील, फूटभर अक्षरांत," असं तो फोनवर बोलून बसला होता. नात म्हणाली, "शाळेत सांगू?" हा म्हणाला, "सांग की!"

आज मैदानात शिरताना फाटकावरचा शहाळीवाला हट्सन नेहमीसारखाच ओरडला होता, "बसा की कप्तान! इतक्या लवकर कुठे निघालात?" किती वर्षं तो हेच म्हणतोय आणि किती वर्षं डार्नली मान वळवून पुढे जातोय. अख्ख्या बार्बाडोसभर शहाळी पिईल, पण हट्सनचं नाही.

"गंमत बघ," एल्रिकने खिशातून लिफाफा काढला, "मीही तेच लिहून आणलंय."

 ऑस्विनचा लिफाफा तर सकाळपासूनच मिस इनिसच्या वहीत होता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग मिस इनिसकडे. बाई एकदम फार गोड दिसायला लागल्या. डार्नलीने फिश केकची, म्हणजे तळलेल्या माशाच्या वड्यांची, बशी त्यांच्यापुढे सरकवली. एल्रिकने तिखट सॉस. ऑस्विनने तर उठून आपली गादीची खुर्ची दिली.

मिस इनिसनी एक केक सावकाश खाल्ला. बोटं पुसली. मग तिन्ही राजीनामे मोठ्याने वाचले; प्रत्येकाने त्यात स्वतःची थोरवीही लिहून ठेवली होती. 'ज्याच्यापुढे भलेभले गोलंदाज चळचळा कापत', तो डार्नली. 'ज्याला बाद करणारा अजून जन्माला यायचाय', तो एल्रिक. ऑस्विनने नम्रपणे एवढंच लिहिलं होतं, 'बाकी इतिहासाला ठाऊक आहे.'

"हे सगळं खरं ना?"

"अक्षर न् अक्षर," डार्नली म्हणाला. बाकी दोघांनीही माना डोलावल्या. स्वतःचं खरं ठरवायचं तर दुसऱ्याचंही चालवून घ्यावं लागतं.

"मग माझं काम सोपं झालं." त्यांनी सगळ्यात जुनी वही उघडली. "चौऱ्याहत्तर, ऑगस्टचा दुसरा शनिवार. माझी पहिलीच मॅच, म्हणून अक्षर जरा वाईट आहे. पहिली ओव्हर. तिसरा बॉल, इयरवुड, त्रिफळा, शून्य. चौथा, गिटन्स, त्रिफळा, शून्य. पाचवा, ब्लॅकमन, तेच."

"त्या दिवशी माझी दाढ दुखत होती," डार्नली म्हणाला.

"दुखत असेल. पण तुम्ही थोर आहात हे तुम्हीच लिहून दिलंय, खाली सह्या आहेत. मग असल्या तीन थोरांना तीन बॉलांत घरी धाडणारा कोण म्हणायचा? आपला फाटकावरचा हट्सन! तो शेजारच्या गावचा खरा, पण खेळला याच मैदानावर. शब्द तुमचाच आहे, डार्नली."

डार्नलीने राजीनाम्याकडे हात नेला. त्यावर मिस इनिसनी फिश केकची बशी ठेवली होती.

"मंजूर झाला तो," मिस इनिस म्हणाल्या. "एकमताने."

तो बाहेर पडला. ऊन मी म्हणत होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी बॅट काखेत मारून परत फिरताना पाठीमागून जी हाक आली होती, तीच फाटकावर पुन्हा आली.

"बसा की कप्तान! इतक्या लवकर कुठे निघालात?"

आज मात्र डार्नली बसला. हट्सनने शहाळं सोलायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. टोरांटो.

"आजोबा, मी सगळ्या वर्गाला सांगितलं!"

डार्नलीने डोळे मिटले. पोरीशी खोटं बोलवेना, आणि खरं बोलणं त्याहून अवघड.

"पाटीवर हट्सन नावाच्या माणसाचं नाव लागणार आहे, बाळा," तो म्हणाला. हट्सनचा कोयता हवेतच थांबला. "पण तो एवढा थोर ठरला ना, तो तुझ्या आजोबांमुळे."

हट्सनने कोयता खाली ठेवला. मग वाकून फोनपाशी तोंड नेलं.

"खरंय हो पोरी. आणि फार वेळही नाही लावला तुझ्या आजोबांनी."