सशाचं फडकं

मानेवर गार जेल लावत सोनोग्राफीवाली मुलगी म्हणाली, "आजी, हलू नका हं."

हेच वाक्य मी प्रयोगशाळेत तीस वर्षं सशांना ऐकवलं. त्यांच्या मेंदूला रक्त किती जातं, ते मोजायचं माझं काम. आता नातवंडांची नावं विसरते, म्हणून आज माझी पाळी होती.

"ठोके फार वाढलेत. घाबरलात?"

"छे! यंत्र तपासा तुमचं," मी ऐटीत म्हटलं. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा काही उतरेना. शेवटी कबूल केलं, "ससा घाबरला, की आम्ही त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायचो."

तिने हसत माझाच पदर डोळ्यांवर ओढला. आकडा मुकाट स्थिरावला.

"मेंदूला रक्त छान जातंय, आजी."

म्हणजे विसराळूपणा माझा स्वतःचाच!

"सशांना नंतर गाजर मिळायचं," मी पदराआडून म्हटलं.