डावा कप्पा

कुलपं उघडून देणं हा माझा धंदा. चौकातून रोज शंभर बॅगा जातात, पण माझी दाढी दिसली की हवालदारांची शिट्टी वाजते आणि माझी सगळी हत्यारं फुटपाथवर मांडली जातात.

काल त्यांच्याच जीपची किल्ली आत राहून दार बंद झालं. साहेबांना कोर्टात पोचायची घाई, म्हणून मलाच बोलावणं आलं. मी काचेला डोळा लावून हात मागे केला, "बारीक आकडा!" हवालदारांनी न बघता माझ्या बॅगेच्या डाव्या कप्प्यातून काढून दिला. दोन मिनिटांत दार उघडलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

आज सकाळी पुन्हा शिट्टी.

"ए दाढी, काय आहे रे बॅगेत?"



"हवालदारसाहेब, ते तुम्हीच सांगा."