उजवा बूट

पाय धुण्याचं घंगाळ रांगेतल्या तिसऱ्या माणसापाशी आलं, तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं की आज बूट काढावे लागणार. उजव्या बुटात, घोट्याला लागून, चाकू होता.

भीतीने मती गुंग झाली होती, दुसरं काय! लहानपणापासून तो थोरल्या भावाबरोबर या ख्रिस्ती मंडळीत येत होता. प्रीतिभोजनाला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, बसण्याआधी एकमेकांचे पाय धुवायचे, हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं. पण चाकू लपवताना त्याने विचार केला तो फक्त दाराचा. दारात इथे जो तो दुसऱ्याला छातीशी धरतो. कोटाच्या खिशात काही असतं तर पहिल्याच मिठीत बोभाटा झाला असता. म्हणून बूट. वर्षातून ज्या एका दिवशी इथे बूट निघतात, नेमका तोच दिवस त्याने गाठला होता.

चाकू होता थोरल्या भावासाठी. थोरल्याने अंगावर हात टाकलाच तर. दोघांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे भांडणात थोरल्याने एका गिऱ्हाइकाचं डोकं फोडलं, आणि कोर्टात धाकट्याने जे पाहिलं ते सांगितलं. खोटं बोलणं त्याला जमलंच नाही. शिक्षा ऐकल्यावर थोरला त्याच्याकडे वळून म्हणाला होता, "बाहेर आलो की बघतो तुझ्याकडे." गेल्या आठवड्यात तो सुटला. घरी आला नाही, दुकानातही फिरकला नाही. धाकट्याने मात्र तेव्हापासून धड झोप घेतली नव्हती. कुठे कुत्रं भुंकलं तरी तो अंथरुणात उठून बसायचा.

त्याने मंडळीच्या पाळकांना सुचवून पाहिलं होतं, प्रार्थनेच्या खोलीला आतून कडी लावू, फुकटात बनवून देतो. पाळक एरवी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कडी नको म्हणाले. या मंडळीतल्या लोकांच्या पणजोबांनी लढाईत बंदूक धरायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंग भोगला. त्यांच्या पणतवंडांनी एका माणसाला भिऊन दार लावून घ्यावं, हे पाळकांना बरं दिसेना. पणजोबांचं ठीक होतं, धाकट्याला वाटलं, त्यांच्यावर सख्खा भाऊ टपून बसलेला नव्हता.

त्याने हळूच खाली वाकून बुटाच्या नाडीला हात घातला. शेजारच्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याने त्याचा दंड धरला. ज्याचे पाय धुवून झाले त्यानेच पुढच्याचे बूट सोडायचे, आपले आपण नाही, हे काय त्याला नव्याने सांगायला हवं होतं? धाकटा ओशाळून सरळ बसला.

तेवढ्यात दार उघडलं आणि थोरला आत आला.

तो वाळला होता. हात कोटाच्या खिशात खोल खुपसलेले. सगळे बसलेले असल्यामुळे त्याला दारात कोणी छातीशी धरलं नाही, म्हणजे त्या कोटात काय आहे हे कोणालाच कळलेलं नव्हतं. आणि बेकरीवाल्याने काय करावं? तो भला माणूस बाजूला सरकला आणि स्वतःच्या आणि धाकट्याच्या मधल्या जागेवर हात थोपटला. थोरला येऊन तिथे बसला. खांद्याला खांदा लागला. दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही.

घंगाळ बेकरीवाल्यापर्यंत आलं. मग बेकरीवाल्याने थोरल्याचे पाय धुतले. गाणं चालूच होतं. थोरला उठला, त्याने कमरेला पंचा बांधला आणि धाकट्यासमोर गुडघे टेकले.

त्याने उजवा पाय धरला. नाडी सोडताना त्याची बोटं सारखी चुकत होती. रागानेच थरथरत असणार, धाकट्याला वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले. बूट निघाला आणि चाकू खणकन फरशीवर पडला.

गाणं थांबलं. कोणा बाईने श्वास आत ओढला. धाकट्याने डोळे उघडले, तेव्हा चाकू थोरल्याच्या हातात होता. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बराच वेळ पात्याकडे बघत राहिला. मग त्याने चाकू बाकाखाली दूर सरकवला, भावाचा पाय घंगाळात घेतला आणि ओंजळीने त्यावर पाणी सोडलं. पाय पुसून झाल्यावर त्याने डाव्या बुटाकडे पाहिलं.

"यातही काही असेल तर आधीच सांग, बारक्या."

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. त्याला रडू फुटलं. लाज कशाची जास्त वाटावी, चाकूची की रडण्याची, तेही त्याला कळेना. रडतच त्याने विचारलं.

"दादा, आठवडा झाला सुटून. घरी का नाही आलास?"

थोरल्याने मान वर केली नाही. तो डावी नाडी सोडत होता, आणि बोटं अजून थरथरतच होती.

"तुला भिऊन," तो म्हणाला. "कोर्टात तसं बोलून बसलो होतो ना. म्हटलं, घरी गेलो तर तू जिवंत सोडायचा नाहीस. इथं कोणाकडे हत्यार नसतं, म्हणून इथं आलो."