तोंडात कापूस

“आ करा.”

पेंटरांनी ओठ आणखी घट्ट मिटले. पेंटर म्हणजे ‘आ करा’ म्हणणाऱ्या दातांच्या डॉक्टरणीचे वडील. दाढ ठणकत होती, तरी गालाला हात नव्हता. दोन्ही हात पँटच्या खिशात. जिनाही ते तसेच चढले होते, घ्यायचं काहीच नसताना नुसता भाव विचारायला आल्यासारखे.

“बाबा, खुर्चीत बसताना हात खिशातून काढतात.”

“तुला दात बघायचाय ना? मग हातांची चौकशी कशाला?”

शेवटी त्यांनी हात मांडीखाली दाबले आणि आ केला. मागच्या दाढेत भरलेलं सिमेंट पडून तिथे हा एवढा खड्डा झाला होता. नव्या दवाखान्याच्या नवव्या दिवशी आलेला हा पहिला पेशंट, आणि तोही घरचाच. वर नवी कोरी खुर्ची करकरायला लागली. कुठला तरी स्क्रू ढिला राहिला असणार, तिनं मनात नोंद केली.

पेशंट का येत नाहीत, याचं कारण दारावरच टांगलेलं होतं. लांबरुंद बोर्ड, पांढरा रंग दिलेला, आणि त्यावर एक अक्षर नाही. नऊ दिवसांत तिघं जण जिना चढून आले. दोघींनी शिवणाचा क्लास इथेच का, म्हणून विचारलं. तिसऱ्यानं बोर्डच विकत मागितला. नवरा म्हणाला, “अगं, छापून आण, तासाभराचं काम.” तिनं कानाआड केलं. चौदा वर्षं तिनं मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मान मोडून काम केलं होतं. तिथे बोर्डावर त्यांचं नाव, आणि हिचं नाव फक्त जेवणाच्या डब्यावर. आता नाव लागायचं तर ते बाबांच्याच हातचं लागेल, नाहीतर बोर्ड कोरा राहील.

बाबांच्या अक्षराचं काय सांगावं! त्यांनी भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ रंगवलं की वाचणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडायची. एका फाटकावर त्यांनी ‘कुत्र्यापासून सावध राहा’ लिहिलं, तर मालकानं कुत्रं पाळलंच नाही, अक्षरंच भुंकायची. खोटं वाटत असेल तर ते कुत्रं शोधून दाखवा. याच माणसानं लेकीची इवलीशी मूठ आपल्या मुठीत धरून तिचं पहिलं अक्षर काढून घेतलं होतं. पाटीवर नव्हे, एका दुकानाच्या फळीवर, ओल्या निळ्या रंगात. द. “वळणावर घाई नको,” असं कानाशी पुटपुटत. त्या मुठीची ऊब तिच्या बोटांना अजून आठवायची. दात कोरतानासुद्धा.

पण तिनं नोकरी सोडल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात पेंटरांनी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. “मी बोर्ड रंगवणं सोडलं,” एवढंच म्हणाले. दवाखाना उघडला त्या दिवशी आले तेही हात खिशात घालून. कोऱ्या बोर्डाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. पुढे केलेला चहाचा कप घेतला नाही, तसेच निघून गेले. तिनं ओळखलं. बांधल्या पगाराची नोकरी सोडून स्वतःचं दुकान थाटलेलं बाबांना रुचलं नव्हतं.

दाढ कोरडी राहावी म्हणून तिनं दोन्ही गालांत कापसाचे दोन-दोन बोळे बसवले. दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. पेशंटचं तोंड भरलं की मग त्यांना प्रश्न सुचतात. आणि गंमत म्हणजे उत्तरंही कळतात. शब्दांचे नुसते स्वर बाहेर येतात, बाकीचं कापसात अडकून पडतं. पण हिचा कान असा तयार झाला होता की एका बाईनं तोंडात नळी असताना जावेशी झालेलं अख्खं भांडण सांगितलं, तेव्हा हिनं मधेच “चूक तुमचीच आहे” म्हणून सुनावलं होतं.

खड्डा भरता भरता तिनं विचारलं, “बाबा, नेमकं माझ्याच बोर्डाच्या वेळी का हो सोडलंत?”

पेंटर छताकडे बघत राहिले. आपण काय बोललो ते या कापसातून कुणाला कळणार, अशा भरवशावर मग ते बोलले.

“आ... अअअओ अं.”

तिचं काम थांबलं.

हात थरथरतो गं.

खिसे आठवले. न घेतलेला चहा आठवला. खुर्ची अजून बारीक करकरत होती, आणि तिचा एकही स्क्रू ढिला नव्हता.

खड्डा भरून झाला. चिमट्यानं एकेक बोळा काढून तिनं ट्रेमध्ये टाकला, ट्रे उचलला आणि त्यांच्याकडे पाठ करून बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

“बोर्ड खाली उतरवून ठेवते,” नळाच्या धारेखाली हात धरून ती म्हणाली. “ब्रश तुम्ही धरा. तुमची मूठ मी धरीन. वळणावर घाई करणार नाही.”

मागे खुर्ची करकरली. मग पेंटरांचा आवाज आला.

“उ... आ?”

“हो, उद्याच,” ती म्हणाली, आणि मुद्दामच मागे वळली नाही. कापसाचे चारही बोळे तिच्यासमोर ट्रेमध्ये पडले होते.