सांताक्रूझमार्गे

“बोलिव्हिया माझ्या वयाला झेपायचं नाही,” श्यामलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “ला पाझचा विमानतळच चार हजार मीटरवर. उतरलं की डोकं ठणकतं. चार पायऱ्या चढलं की धाप. कुठे संप झाला की लोक रस्त्यावर दगड टाकतात, मग बस तिथंच. कधी हलेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.”

“आजी, तू गेला नाही कधी. तरी सगळं कसा माहीत?” मायरा हसली. ती इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, इथंच वाढलेली. तिच्या मराठीत आजी कधी ‘गेली’ असे, कधी ‘गेला’.

माहीत नसायला काय झालं? एकतीस वर्षं श्यामलाबाई इथल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरमागे बसल्या होत्या. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा उशीएवढ्या जाड वेळापत्रकातून विमानं जुळवत. बोलिव्हियाचं गिऱ्हाईक आलं की ठरलेला सल्ला देत. एकदम ला पाझला जाऊ नका. आधी सांताक्रूझला उतरा, ते सखल आहे. मग सुक्रेला चार दिवस राहा. मग सावकाश वर चढा.

हे पहिल्यांदा घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा कमलाकर खो खो हसले होते. “सांताक्रूझ? अगं, तिथे तर मंजिरीमावशी राहते!” मुंबईच्या सांताक्रूझला उतरायचं आणि पुणं गाठायचं, एवढाच त्यांचा जगप्रवास. सगळ्या रजा त्यातच गेल्या. त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

“पाऊस झाला की तिथल्या मिठाच्या मैदानावर बोटभर पाणी साचतं,” श्यामलाबाई मध्येच म्हणाल्या. “मैलोन् मैल आरसा. वर आभाळ, खाली आभाळ. माणसं ढगांवरून चालतात गं. एका बाईंनी मला तिथला खडा आणून दिला होता. अजून आहे, मिसळणाच्या डब्यात.”

“मग चल ना! मी एकटा जाणार, बोअर होईल.”

“एकटी,” श्यामलाबाईंनी दुरुस्त केलं. “आणि मी नाही. तुझा बाबा, अतुल, मला घरात कोंडून ठेवील. माझं बघून झालंय सगळं, ब्रोशरमध्ये.”

त्या उठल्या. घरी जायला कोट घातला, मफलर गुंडाळला. दारात वळून आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाल्या, “येते.”

निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं.

मायरा किंचाळलीच. “येते? ओ माय गॉड! आजी येते!” तिनं त्यांना गच्च मिठी मारली. श्यामलाबाईंना काही कळेना. बस चुकेल म्हणून त्या तशाच निघाल्या.

बस घराच्या स्टॉपला लागायच्या आत फोन वाजला. मायरानं तिकीट पाठवलं होतं. हीथ्रो, माद्रिद, सांताक्रूझ. दोन प्रवासी.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी कपाळावर हात मारला. चूक पोरीची नव्हे. आपणच तिला धड मराठी शिकवलं नाही. एक फोन केला की झालं: अगं, ते ‘येते’ म्हणजे येते नव्हे.

पण बोट नंबरावर टेकण्याआधी जुन्या नजरेनं तिकीट तपासलंच. सांताक्रूझला दोन दिवस. सुक्रेला चार. मग वर. फेब्रुवारी, म्हणजे तिकडच्या पावसाचा महिना. खिडकीजवळची जागा. एकतीस वर्षांत असं बिनचूक तिकीट त्यांनी स्वतःही क्वचितच काढलं असेल.

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

अतुल संतापायचा तेवढा संतापला. “आई, एका शब्दासाठी तू अँडीजच्या डोंगरात जाणार? तिला समजावून सांग ना!”

“शब्द गेला तो गेला,” श्यामलाबाई गंभीरपणे म्हणाल्या. “आता मागे कसा घेऊ? पोरीचा हिरमोड होईल.” आणि त्या लोकरी मोजे शोधायला लागल्या.

हीथ्रोवर अतुलनं आईच्या गोळ्या तिसऱ्यांदा तपासल्या. डॉक्टरांची चिठ्ठी मायराच्या हातात दिली. सिक्युरिटीची रांग पुढे सरकली. मायरानं पाठीवर सॅक चढवली, बापाला मिठी मारली आणि जन्मभर तेच म्हणत आल्यासारखी सहज म्हणाली,

“येते हं, बाबा.”