थोरल्यांच्या नावावर

परंड्याच्या बाजारगल्लीतल्या बावीस दुकानदारांनी मिळून बिलं काढायचं एकच सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा कंपनीनं लिहून दिलं होतं की ज्याच्या नावावर ते असेल, तो हयात असेपर्यंत प्रत्येक नवी आवृत्ती फुकट. नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्नच नव्हता. गल्लीतली पहिली लग्नपत्रिका ज्यांना जाते, त्या कल्याणप्पांचंच घातलं. तेव्हाच ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना शुगर होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आता ते पंच्याऐंशीचे आहेत. मेडिकलवाला रोज सकाळी त्यांचं बोट टोचतो. ते ओट्यावरून उतरायला लागले, की चार दुकानांतून माणसं धावतात. परवा त्यांनी जिलेबी मागितली, तर हॉटेलवाल्या मल्लेशनं परातच झाकली.

"अप्पा, तुमाला काय झालं तर बावीस दुकानांला नव्या आवृत्तीचे पैसे पडतेल."

"मग एखाद्या पोराच्या नावावर घ्यायचं हुतं की."

"थोरलं माणूस बसल्यावर पोराचं नाव घालतेत व्हय?"

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे कल्याणप्पांना अजून कळलं नव्हतं, आणि गोड म्हणजे काय, हे ते विसरत चालले होते. आपल्या जिभेची कुणालाच दया नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

वाढदिवसाला मात्र त्या कंपनीचा माणूस खास गाडी करून आला. त्यानं वाकून नमस्कार केला, दोन किलो कुंथलगिरीचे पेढे हातात ठेवले आणि कानाशी लागून म्हणाला,

"अप्पा, कुणाला वाटू नका. सगळे तुम्हीच खा."