सहा नंबर गप्प

सकाळपासून सहा नंबर उत्तर देत नव्हता.

साबणाच्या त्या कारखान्यात नऊ यंत्रं होती आणि प्रत्येकाच्या पेटीत ते चालवणारा एक कंट्रोलर. आजवर जो तो आपल्या यंत्रापुरतं बघत आला होता. आता सगळ्यांना एका तारेवर आणायचं होतं. कॉम्प्युटरने नंबर पुकारायचा आणि ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं, एवढाच करार. सात जणांनी हजेरी दिली. चार नंबर बरळत होता आणि सहा नंबर, म्हणजे वाळवणीचं यंत्र, मुकं होतं.

कॉम्प्युटरपुढे धाकटी बसली होती. ज्या कंपनीने हे काम घेतलं तिने इंजिनियर म्हणून हिला पाठवलं होतं. तिच्यामागे भिंतीला टेकून तिची थोरली बहीण उभी होती. ती याच कारखान्यात चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन.

मॅनेजरने सकाळी धाकटीसाठी आपल्या केबिनमधली खुर्ची आणवली. दोघी बहिणी आहेत हे कळल्यावर तो थोरलीला म्हणाला, तुम्ही मॅडमच्या ताई होय, कधी बोलला नाहीत. थोरली हसली. त्या हसण्याची चव नंतर बराच वेळ तोंडात तुरट राहिली.

अकराच्या सुमाराला तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी वाळवणीचा कंट्रोलर जळाला, तेव्हा तिनेच कपाटातला जुना काढून बसवला होता. त्याच्या आत नंबर ठरवणारे बारीक खटके होते आणि ते चारवर होते. तेव्हा तो एकटाच काम करायचा, नंबराशी कुणाला देणंघेणं नव्हतं, म्हणून तिने ते तसेच सोडले. यंत्रांच्या नंबरांच्या तक्त्यावर सहा, आत चार. आता चार नंबर पुकारला की दोघे एकदम बोलत होते आणि कुणाचंच कळत नव्हतं.

एका वाक्याचं काम होतं. ती बोलणार, तेवढ्यात सुपरवायझरने धाकटीला विचारलं, एवढ्या लहान वयात हे सगळं कुठे शिकलात. धाकटीचं लक्ष पडद्यावर होतं.

"पहिल्यापासून आवड होती," ती म्हणाली.

थोरलीने वाक्य गिळलं. टेस्टर कसा धरायचा, वायर कशी सोलायची, कुठे हात लावायचा नाही, हे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कुणी शिकवलं होतं? आवड होती म्हणे.

धाकटीने केबल पहिल्या यंत्रापासून शेवटच्यापर्यंत तपासली. जोड उघडले, परत आवळले. केबल मोठ्या मोटारीजवळून जाते, त्याचा त्रास असेल का, असं तिने ताईला विचारलं. असेल, ताई म्हणाली. त्यात धाकटीचा आणखी एक तास गेला.

साडेबाराला मॅनेजर येऊन गेला. दोनच्या पाळीला यंत्रं सुरू व्हायलाच हवीत, नाहीतर तुमच्या साहेबांना सांगून कुणीतरी अनुभवी माणूस मागवतो, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. धाकटीची मान कानापर्यंत लाल झाली. गणित सुटलं नाही की लहानपणी अशीच व्हायची. थोरलीला बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण ते काही वाटेना.

शेवटी धाकटी वाळवणीच्या पेटीपाशी गेली. जाताना ताईला म्हणाली, तू पडद्याकडे बघत राहा, मी एकेक तार सुटी करते. थोरली खुर्चीत बसली. दोन मिनिटांत चार नंबरचं बरळणं थांबलं. आकडे स्वच्छ, एकाखाली एक येऊ लागले.

टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, काही फरक?"

थोरली आकड्यांकडे बघत राहिली. पलीकडे वाळवणीच्या पेटीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"चार नंबर नीट बोलायला लागला," ती म्हणाली.

"म्हणजे हासुद्धा चारच आहे."

"हो."

धाकटीने फोन ठेवला. ती परत आली तेव्हा मॅनेजर दारात उभा होता. काय निघालं, त्याने विचारलं. दोघांना एकच नंबर होता, धाकटी म्हणाली, ताईच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. मॅनेजर थोरलीकडे वळला. जुनी माणसं ती जुनी माणसं, असं काहीतरी म्हणाला आणि खुशीत निघून गेला.

खोलीत दोघीच उरल्या.

"मला अकरा वाजताच कळलं होतं," थोरली म्हणाली.

"माहीत आहे. फोनवर 'हो' फार पटकन म्हणालीस."

"मग त्यांना सांगायचं होतंस तसं."

धाकटीने तक्त्यावरचा सहाचा आकडा उगाचच पेनाने गिरवला.

"तुझ्या जागी मी असते ना ताई, तर फोनवरसुद्धा काही फरक नाही म्हणाले असते."

थोरलीने बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि ती वाळवणीकडे गेली. पेटी उघडून तिने खटके सहावर आणले आणि सुटी केलेली तार परत आवळली. मग पेटीशेजारच्या फोनवरून तिने खोलीचा नंबर फिरवला.

"सहा आला," धाकटी म्हणाली.

"आणि चार?"

"तोही."

काम झालं होतं. थोरलीने फोन कानालाच धरून ठेवला. पलीकडूनही ठेवल्याचा आवाज आला नाही.